पाठीवरच्या टिकल्या

मुरुडच्या कांताबाईंचं नाव मी सगळ्यात आधी लिहितो. आजार काय होता, ऑपरेशन कसलं होतं, ते पुढं येईलच. पण माणूस अर्ध्यातच वाचायचं सोडून देतो, मीही सोडतो, म्हणून त्यांचं नाव वर पाहिजे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. दवाखान्यात शेजारच्या कॉटवर ज्ञानोबाकाका होते, त्यांची ही बायको, एवढीच ओळख. आज मी माझ्या पायानं संडासला जातो, त्यात या दोघांचा वाटा आहे. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण डॉक्टरांचे आभार मानायला सगळेच असतात.

मी माधव. गाव देगलूरकडचं, तेलंगणाच्या हद्दीला लागून. सातवीनंतर शाळा सुटली. लातूरला आमच्या मालकांच्या, चाचांच्या दुकानात गाद्या शिवतो, म्हणजे शिवत होतो. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्यासारखे अजून येतात, घाबरलेले असतात. तुमचं लिहून द्या, त्यांना वाचायला देऊ." मला लिहायची सवय नाही. जरा वेळ बसलं की पाठ भरून येते, मग आडवं व्हावं लागतं. म्हणून हे तुकड्या-तुकड्यानं लिहिलंय. चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

एक चप्पल

गादी शिवणारा माणूस दिवसभर वाकलेलाच असतो. खोळीत कापूस भरायचा, काठीनं सारखा करायचा, मग गुडघे टेकून दाभणानं टाके घालत पुढं सरकायचं. पाठ दुखणारच. दुकानात सगळ्यांचीच दुखते. मी तेल लावलं, पट्टा बांधला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. संध्याकाळी अंगात कणकण यायची, घामानं बनियन भिजायचं. जेवण जात नव्हतं. गावाकडून बायकोचा, सुरेखाचा फोन आला की ती विचारायची, "आवाज असा का येऊन राहिला तुमचा?" मी म्हणायचो, "कापूस गेलाय नाकात."

मग एक दिवस दुपारी मी कोपऱ्यावर चहा सांगायला गेलो आणि परत आलो. चाचा गल्ल्यावर बसले होते. माझ्या पायाकडं बघून म्हणाले, "माधव, एक चप्पल किधर गई रे?"

खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. रस्त्यात कुठं तरी निसटली होती आणि मी तापलेल्या डांबरावरून तसाच चालत आलो होतो. तळवा लालबुंद झाला होता. मला काहीच कळलं नव्हतं.

बाकीचे कारागीर हसले. चाचा हसले नाहीत. खोळीवर खुणा करायचा खडू त्यांनी उचलला, माझ्या तळव्यावर रेघ ओढली आणि विचारलं, "मालूम हो रहा?"

मी म्हणालो, "हाव."

"किधर को खींचा, बोल."

मला सांगता आलं नाही. चाचांनी शटर ओढलं आणि मला रिक्षात घातलं.

नाव कळलं तो दिवस

मोठ्या मशीनमधून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते उजेडापुढं धरले. डॉक्टर वयानं माझ्याएवढेच असतील. म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे."

मी म्हणालो, "साहेब, मला खोकला न्हाई."

"मणक्यालाही होतो. त्यानं दोन मणके पोखरलेत. तिथं पू साठलाय आणि तो मधल्या नसांवर दाबतोय. म्हणून पाय बधिर झालाय. औषध लांबपर्यंत घ्यावं लागेल. पण त्याआधी हा दाब काढायला पाहिजे, नाही तर पाय जातील."

"जातील म्हंजे?"

"उभं राहता येणार नाही. लघवीचा ताबाही जाऊ शकतो."

त्यानंतर ते बरंच बोलले असतील. मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या कुठल्या तरी देवाच्या फोटोकडं बघत होतो. एकच गोष्ट मी दोनदा विचारली: माझ्यामुळं पोरांना होईल का. ते म्हणाले, "तुमची छाती तपासून बघितली, तिथं काही नाही. हा मणक्यातला, शेजारी बसून लागत नाही." हे वाक्य जो कुणी वाचत असेल त्यानं आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं आणि घरच्यांना त्यांच्याच तोंडून ऐकवावं. मी ते केलं नाही. मी घरी फोन करून "टीबी" एवढंच बोललो.

आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. अव्वानं माझं ताट, तांब्या, अंथरूण उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं. मी तर तिथं नव्हतोही. भाऊ म्हणाला, "सुट्टी मिळाली तरी इकडं येऊ नको, लेकरं हायत घरात." सासऱ्यांनी सुरेखाला आणि पोरांना त्यांच्या गावाला नेलं. मला राग आला नाही, थकवाच आला. मग संध्याकाळी सुरेखाचा फोन आला. म्हणाली, "तुमचं ताट गोठ्यातून उचलून मी हिकडं आणलंय. त्याच्यातच जेवून राहिले मी."

एवढंच बोलली आणि फोन ठेवला. ते ताट मी अजून विसरलो नाही.

वॉर्ड

मला उठून बसायला बंदी होती. कूस बदलायची तर दोघांनी मिळून ओंडक्यासारखं फिरवायचं. छताला एक पंखा होता, एक पातं जरा वाकडं. दिवस मोजायचं मी लवकर सोडून दिलं. सकाळी झाडू, मग सुई, मग नाश्ता, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपार. दुपार तिथं सगळ्यात लांब असते. अंगाखालची गादी रेक्झिनची, आत फोम, कमरेच्या जागी बसलेली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गाद्या शिवल्या आणि आपल्या नशिबी ही आली, असं मनात यायचं. मग वाटायचं, गादीची चूक नाही, हिच्यावर किती जण पडून गेले असतील.

शेजारी ज्ञानोबाकाका. मुरुडचे. न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. पायाला दोरी बांधून कॉटच्या टोकाला वजन लटकवलेलं. साखर वाढलेली होती, ती उतरेपर्यंत त्यांचं ऑपरेशन थांबलं होतं. पहिल्या दिवशी मी कण्हत होतो तर त्यांनी विचारलं, "कुठलं गाव?"

"देगलूरकडचं."

"मंजी तेलगू येत आसंल."

"थोडं थोडं."

"मग तेलगूत कण्ह बाबा. मराठीत कण्हलं की हिला सगळं कळतंय, हिला झोप लागंना."

ही म्हणजे कांताबाई. कॉटच्या खाली चटई टाकून बसलेल्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, हसल्या नाहीत, उठून माझ्या डोक्याखालची उशी नीट केली.

सिस्टर फॉर्म भरत होत्या. "तुमच्यासोबत कोण थांबणार? माणूस पाहिजे, त्याशिवाय आम्ही पेशंट ठेवत नाही." चाचा दुकान सोडून दिवसभर थांबू शकत नव्हते. सुरेखाला सासऱ्यांनी येऊ दिलं नव्हतं. तेव्हा शेजारून आवाज आला, "मी हाय की."

सिस्टर म्हणाल्या, "नातं काय तुमचं?"

"आत्ता जुळलं."

काका म्हणाले, "घ्या. ह्या वयात पोरगं झालं आन् मला इचारलं बी न्हाई."

तेव्हापासून त्या दोन पेशंटांचं करायच्या. त्यांना टीबी म्हणजे काय ते ठाऊक होतं, सिस्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. तरी पहिल्या जेवणाला त्यांनी त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी मला दिली आणि अर्धी त्याच हातानं स्वतः खाल्ली. मी त्यांना काकू म्हणायला लागलो.

चष्मा

आता ऑपरेशनचं सांगतो. जे मला समजलं तेवढंच.

पोखरलेल्या मणक्यांच्या वर आणि खाली स्क्रू बसवायचे आणि सळ्यांनी ते जोडायचे, म्हणजे पाठीला आधार. पण मणक्यात स्क्रू जायची वाट बारीक असते, बाजूलाच नसा. माझी हाडं आजारानं वाकडी झालेली, त्यामुळं नेहमीच्या अंदाजानं जाता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. "हैदराबादहून मोठे सर येणार आहेत. ते चष्मा लावून करतील."

मी हे तसंच फोनवर सुरेखाला सांगितलं. मागून सासऱ्यांचा आवाज आला, "डॉक्टरचे डोळे अधू हायत का? दुसरा डॉक्टर बघा म्हणावं."

मलाही तीच भीती होती, पण विचारायची हिंमत नव्हती. काकांना होती. डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "साहेब, ह्या पोराचं ऑपरेशन ज्याला दिसत न्हाई त्याच्याकडून का करायलाव?"

डॉक्टर आधी गोंधळले, मग बराच वेळ हसले. म्हणाले, "तो नंबरचा चष्मा नाही काका. यांच्या मणक्याचं आम्ही स्कॅन करणार. ते चित्र त्या चष्म्यात दिसतं, तेही यांच्या पाठीवरच, आत मणका जिथं आहे बरोबर त्याच जागी. कातडीखालचं वरूनच दिसल्यासारखं. स्क्रू कुठून, किती तिरका घालायचा, ते सरांना समोरच दिसणार. मान वळवून टीव्हीकडं बघायला नको. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात."

"रिॲलिटी म्हंजी ते टीव्हीत पोरं नाचत्यात ते?"

"ते नाही."

"मग ठीक हाय," काका म्हणाले.

मी रात्रंदिवस खोळीवर खुणा केलेला माणूस. मला एवढं कळलं की वर काढलेली खूण आणि आतली जागा जुळली तर टाका बरोबर पडतो. त्यापुढचं माझ्या डोक्याबाहेरचं होतं. मशीन माणसाची पाठ वाचू शकतं, हे ऐकून कुणाला धीर येईल. मला नाही आला. मला रोज वाटायचं, मी उताणा निजलोय आणि पुन्हा कधीच उठणार नाही.

ऑपरेशनचा वार ठरला. सकाळी माझं. काकांची साखर अखेर उतरली होती, म्हणून त्याच दिवशी दुपारी त्याच थिएटरात त्यांचं. काकू दोघांच्या वतीनं देवाला एकदाच हात जोडायच्या, म्हणायच्या, "दोघांचं एकातच हाय."

टिकल्या

आदल्या दिवशी दुपारी मला स्कॅनला नेलं. त्याआधी तरुण डॉक्टरांनी माझ्या पाठीवर कातडीला चिकटणाऱ्या लहान लहान चकत्या लावल्या. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या. म्हणाले, "हात लावू नका, पाणी लागू देऊ नका, उद्यापर्यंत अशाच राहू देत." त्या वेळी काकू खाली काकांची औषधं आणायला गेल्या होत्या.

परत आलो तर त्यांनी पाठ बघून विचारलं, "आरं, ह्या कसल्या टिकल्या लावल्यात?"

"उद्याच्या ऑपरेशनच्या खुणा हायत, काकू."

"नवरी सजवली," काका म्हणाले. "आता फकस्त बाशिंग राह्यलं."

डॉक्टर काय म्हणाले ते मी पुढं सांगितलं का, मला आठवत नाही. बहुधा नाही. मी फार दमलो होतो.

दिवेलागणीला मला रोजच्यासारखा ताप चढला. वीज गेली होती, पंखा बंद. मी कुशीवर होतो, घामानं निथळत होतो, डोळे मिटलेले. काकू टॉवेलनं पाठ टिपत होत्या, एवढं जाणवत होतं. गार वाटत होतं. मला अव्वाची आठवण आली आणि नंतर झोप लागली.

त्या वेळी काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. घामानं एक चकती सुटून टॉवेलला चिकटून आली. काकूंनी ती टॉवेलवरून काढली आणि परत माझ्या पाठीला दाबून लावली. आपल्या घरात बायका दुसरं काय करतात? टिकली सुटली की उचलायची आणि परत लावायची. न्हाताना काढलेली आरशाच्या कडेला चिकटवून ठेवायची, अंघोळ झाली की तीच कपाळाला. माझ्या घरच्या आरशाला अशा चार-पाच कायम असतात. कपाळावर टिकली थोडी वर-खाली झाली तर कुणाचं काय बिघडतं?

दारापाशी

सकाळी तरुण डॉक्टर आले, पाठीवरच्या चकत्या बघितल्या. "कुणी हात लावला नाही ना?"

मी म्हणालो, "न्हाई."

"छान. या जागच्या हलायला नकोत. चष्म्याला यांच्यावरूनच कळतं मणका कुठं आहे. एक सरकली तरी सगळं चित्र सरकतं."

काकू तेव्हा काकांच्या उशाशी होत्या. मला स्ट्रेचरवर घेतलं. मी त्यांच्याकडं बघितलं, वाटलं काही तरी बोलतील, "जा बाबा, नीट ये" असं. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं, माझं काही खरं नाही, हे यांनाही कळलंय.

पुढचं मला काकांनी सांगितलं. मी वॉर्डातून बाहेर गेल्यावर काकू त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "अवो, काल एक सुटली होती. मी परत लावली."

काका म्हणाले, "गप ऱ्हा."

"पर तिथंच लावली का, मला ठावं न्हाई."

"गप ऱ्हा म्हणलं की. आज माझा नंबर हाय. डॉक्टर चिडला तर मला हितंच सडवंल. किती दिस लटकू अजून?"

काका मला म्हणाले, "मी दोनदा गप ऱ्हा म्हणलो. तिनं ऐकलं न्हाई. तसं लगीन झाल्यापून तिनं कवा ऐकलंय म्हणा."

मी थिएटरच्या दारापाशी होतो. समोर हिरवा पडदा. मागून अनवाणी पावलांचा आवाज आला आणि काकूंचा आवाज, "थांबा. त्याला आत न्हेऊ नका."

वॉर्डबॉय म्हणाला, "मावशी, इथं येता येत नाही."

"मोठ्या डॉक्टरला बोलवा."

पडद्यातून मोठे सर बाहेर आले. डोक्यावर टोपी आणि कपाळावर वर सरकवलेला तो चष्मा. वेल्डिंगवाल्याच्या काचेसारखा, पण पातळ. ज्याची एवढी धास्ती घेतली तो चष्मा मी त्या वेळी पहिल्यांदा बघितला.

काकू त्यांच्याकडं न बघता फरशीकडं बघत बोलल्या. "साहेब, काल ह्याच्या पाठीची एक टिकली निघाली होती. मी अडाणी, परत चिकटवली. सकाळी कळलं की हलवायची नसती."

तरुण डॉक्टरांचा चेहरा उतरला. मोठ्या सरांनी मला कुशीवर करायला सांगितलं आणि काकूंना जवळ बोलावलं. "कुठली, मावशी?"

काकूंचं बोट माझ्या पाठीवर आलं. एकीवरून दुसरीवर सरकत होतं. "ही. न्हाई, ही असंल. न्हाई साहेब, मला ओळखू येईना. सगळ्या सारख्याच हायत."

"बरं झालं सांगितलं," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. मग तरुण डॉक्टरांना म्हणाले, "सगळ्या काढा. नवीन लावा, स्कॅन परत करा. मी थांबतो." आणि काकूंना म्हणाले, "पण यात दुपार जाईल, मावशी. तुमच्या पेशंटला आज घेता येणार नाही. पुढच्या ऑपरेशनच्या वारापर्यंत, म्हणजे आठवडाभर, थांबावं लागेल."

मी तोंड भिंतीकडं करून पडलो होतो, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. फक्त आवाज आला.

"बरं."

बहुतेक

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. मास्क लावला, डोळे उघडले तेव्हा घसा कोरडा आणि पाठीत कुणी तरी तापलेली पहार ठेवल्यासारखं. ज्यांचं व्हायचंय त्यांना सांगतो, पहिले दोन-तीन दिवस वाईट असतात. रडू येतं. येऊ द्यावं.

सर परत जायच्या आधी बघायला आले. मी विचारलं, "साहेब, काकू बोलल्या नसत्या तर?"

ते म्हणाले, "आम्ही नुसत्या चष्म्यावर विसंबत नाही. आधी ओळखीच्या हाडावर टेकवून बघतो, मध्ये एक्स-रेनंही पडताळतो. लक्षात आलं असतं." मग म्हणाले, "बहुतेक."

खोटं बोलून मोकळे होऊ शकले असते. ते झाले नाहीत, म्हणून मी त्यांना मानतो. पण त्या 'बहुतेक'चं काय करायचं, ते मला आजही कळलेलं नाही. अंथरुणावर पडलं की तो शब्द आठवतो आणि मी पायाची बोटं हलवून बघतो.

काका लटकलेले

माझं झालं आणि काका तसेच राहिले, पायाला वजन बांधून. पहिल्या दिवशी म्हणाले, "माधवा, तुझ्यापायी मी लटकलो, बघ. आता खरंच लटकलो." मी हसायचा प्रयत्न केला तर टाके ओढले.

पण पडून पडून त्यांच्या माकडहाडाशी कातडी लाल झाली आणि मग फुटली. ती बसलेली गादी, हलायची सोय नाही. जखम धुताना काका दात खायचे. एक दिवस असा गेला की त्यांनी एकही टोमणा मारला नाही, मलाही नाही आणि काकूंनाही नाही. तो दिवस मला स्वतःच्या दुखण्यापेक्षा जड गेला. मी म्हणालो, "काकू, माझ्यामुळं झालं हे."

त्या जखमेवरचं फडकं बदलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुझ्यामुळं कसं? टिकली मी लावली." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला बी कटाळा आलाय रे आता. बोलू नको जरा."

त्यांनी माझ्याशी तोडून बोललेलं तेवढंच. संध्याकाळी भाकरीचा अर्धा तुकडा तरी आलाच.

कळतंय का

एका दुपारी सुरेखा आली. सासऱ्यांना न विचारता, माहेराहून एसटी बदलत. पिशवीत ते ताट होतं. काकूंनी तिला बघितलं, तिच्या हातातलं ताट बघितलं आणि सगळं समजल्यासारखं म्हणाल्या, "आलीस का? आता मी माझ्या माणसाकडं बघते."

पण जायच्या आधी त्यांनी कॉटखालून माझी चप्पल काढली. चाचांनी नवी आणून दिलेली. डाव्या पायात घातली आणि विचारलं, "कळतंय का?"

मी डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. मग अंगठ्याच्या बाजूला, फार लांबून, कुणी तरी कापूस फिरवल्यासारखं वाटलं.

"काही तरी कळायलंय," मी म्हणालो.

काका शेजारून म्हणाले, "त्याला इचार चप्पल कोणत्या पायात हाय. मग खरं."

"डाव्या."

"मग आलंय," काका म्हणाले, आणि तोंड पलीकडं केलं.

आता

काकांचं ऑपरेशन पुढच्या वारी झालं. ते मुरुडला गेले, वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. खुबा जुळला. माकडहाडाची जखम मात्र अजून पुरती भरली नाही. जुन्या वाकळेवर झोपतात, पाठ टेकली की चरफडतात, असं काकू फोनवर सांगतात. तरी आधी माझीच पाठ विचारतात.

मी लातुरातच आहे, चाचांच्या दुकानामागच्या खोलीत. सुरेखा आणि पोरं आलीत. अव्वा अजून आली नाही. रोज सकाळी मूठभर गोळ्या घेतो, त्यांनी मळमळतं, अंगात त्राण राहत नाही. पट्टा बांधून चालतो, तळवा अजून अर्धा झोपलेला आहे. वाकायला बंदी आहे. दुकानात बसतो तेव्हा दुसरे शिवतात आणि मी बघतो.

मागच्या तपासणीला गेलो तेव्हा वॉर्डात कुणाच्या तरी पाठीवर तशाच चकत्या दिसल्या. प्रत्येकीभोवती निळ्या पेनानं गोल काढलेला होता. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या काकूंनंतर डॉक्टरांनी हे सुरू केलं. सुटली तरी जागा कळते." मी फोनवर काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी माझ्या बायकोनं दवाखाना सुदरवला, आन् मला इचारलं बी न्हाई."

काकू, तुम्हाला वाचता येत नाही, हे काका तुम्हाला वाचून दाखवतील. डॉक्टर ज्या दिवशी म्हणतील की वाक, त्या दिवशी मी कुणाचीही गादी घेण्याआधी काकांची घेईन. मुरुडला येईन, काकांना खोळीवर झोपवीन आणि जिथं त्यांची जखम टेकते तिथं खडूनं गोल काढीन. सरकी काढलेला, हातानं मोकळा केलेला कापूस त्या जागी जास्त भरीन. टाके सगळे मीच घालीन, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. आणि त्या गोलात एकही टाका पडणार नाही.